कयास, इल्लत, मसलत : कारभारासाठी फिकहची रीत

हिरण्यकेशी
आपण मराठीत ‘कयास बांधतो’, म्हणजे अदमास करतो. हा शब्द ज्या अरबी ‘कियास’वरून आला, त्याचा फिकहमधला, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातला, अर्थ जवळजवळ उलटा आहे. तिथे कियास म्हणजे मोजणं. एक ठरलेली गोष्ट पुढ्यात ठेवायची, न ठरलेली तिला भिडवून पाहायची आणि माप जुळलं तरच पहिलीचा हुकूम दुसरीला लावायचा. अदमासाला तिथे जागाच नाही. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागातल्या जमात कमिट्यांत हल्ली “कुराण-हदीसमध्ये नाही ना, मग कियास करू या” असं सहज बोललं जातं (हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांची वचनं आणि वागणूक). म्हणून ही रीत नीट मांडावी असं वाटलं.

चार अंगं असतात : असल, फरा, इल्लत, हुकूम. असल म्हणजे ज्याबद्दल नस, म्हणजे स्पष्ट वचन, आहे ते. फरा म्हणजे नवा प्रश्न. इल्लत हे दोघांना जोडणारं कारण. (मराठीत इल्लत म्हणजे नसती ब्याद. अरबीत तोच शब्द आजार आणि कारण या दोन्ही अर्थांनी चालतो.)

उदाहरण घ्या. जुम्याची, म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाची, अजान झाली की खरेदी-विक्री सोडा, असं कुराणात आहे (६२:९). वचन फक्त विक्रीचं आहे. मग त्याच वेळी दुकानाचा भाडेकरार केला तर? विक्री का थांबवली, तर माणूस नमाजापासून अडकून पडतो म्हणून. भाडेकरारातही तो तसाच अडकतो. इल्लत तीच, म्हणून हुकूमही तोच. ज्याच्यावर जुमा फर्जच नाही अशा दोन प्रवाशांनी आपसात सौदा केला तर इल्लत उरत नाही, म्हणून तिथे मनाईही नाही. ही उलटसुलट तपासणी प्रत्येक वेळी करायची असते. कारण असेल तिथे हुकूम येतो का, आणि कारण नसेल तिथे तो जातो का?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इल्लत आणि हिकमत यांत. हिकमत म्हणजे हुकुमामागचं शहाणपण. प्रवासात रोजा सोडायला सवलत आहे. हिकमत आहे त्रास, पण इल्लत आहे प्रवास. हनफी मजहबच्या मापाने (मजहब म्हणजे फिकहची परंपरा; हनफी, शाफई, मालिकी हे त्यांतले) ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर. गारेगार डब्यात बसून बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्याला सवलत मिळते, आणि मार्केट यार्डात दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला केवळ कष्टाच्या नावावर ती मिळत नाही (जिवावर बेतलं तर त्याचा नियम वेगळा आहे). हे अन्यायाचं वाटेल. पण त्रास ज्याचा त्याने मोजायचा, अंतर मात्र सगळ्यांना सारखं दिसतं. कायदा दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टीवर उभा करायचा, हा या पद्धतीचा कणा आहे.

शहापूर_पेठ
ताई, इल्लत शोधायची कशी? जो तो आपल्याला हवी ती काढील की.

हिरण्यकेशी
काढू शकत नाही, भाऊ. आधी पाहायचं की वचनानेच कारण सांगितलंय का. मग त्यावर इज्मा, म्हणजे विद्वानांचं एकमत, झालंय का. दोन्ही नसेल तर ‘सब्र आणि तक्सीम’ : शक्य तेवढी सगळी कारणं मांडायची आणि एकेक बाद करत जायचं. बाद का केलं तेही सांगावं लागतं.

इतकं करूनही इमामांची उत्तरं वेगवेगळी आली आहेत. सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ या सहा वस्तूंची त्याच वस्तूशी अदलाबदल करताना कमी-जास्त घेऊ नका, अशी हदीस आहे. हनफींनी इल्लत धरली माप-वजन आणि एकच जात. शाफईंनी धरली खाण्याची वस्तू किंवा चलन. मालिकींनी धरलं पोटाचं आणि साठवणीचं अन्न. आता एका अंड्याला दोन अंडी घेतली तर? हनफींकडे अंडी मोजून विकतात, तोलून नाही, म्हणून चालतं. शाफईंकडे अंडं खाण्याचं आहे, म्हणून चालत नाही. लोखंडाचं बरोबर उलटं. घाटाखालचे कोकणी आणि भटकळकडचे लोक शाफई, आपण घाटावरचे बहुतेक हनफी. दोघांचा व्यवहार होतो तेव्हा हा फरक खराखुरा समोर येतो. मुद्दा एवढाच की मतभेद कुठल्या पायरीवर झाला ते बोट ठेवून दाखवता येतं. अंदाजात ते दाखवता येत नाही.

वकील_चिक्कोडी
मांडणी छान. पण कारभाराचे प्रश्न एकट्या कियासने सुटत नाहीत. कर किती घ्यावा, जिंकलेल्या जमिनीचं काय करावं, याला जुळणारा असल बहुधा मिळतच नाही. तिथे मसलत येते. अरबी ‘मस्लहत’, म्हणजे हित. मराठीत तिचा सल्लामसलतीचा अर्थ झाला, तोही फार लांबचा नाही.

इराकच्या सवादचा, म्हणजे दजला-फुरातच्या काठच्या काळ्या जमिनीचा, प्रश्न यातला सगळ्यात मोठा. सैन्य म्हणालं, लूट वाटतात तशी जमीनही आमच्यात वाटा. दुसरे खलीफा हजरत उमर यांनी नकार दिला. जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवली आणि तिच्यावर खराज, म्हणजे शेतसारा, बसवला. उस्मान बिन हुनैफ यांना मोजणीला पाठवलं. जुने कायदेपंडित मावर्दी यांनी नोंदवलेले जरीबामागचे दर असे : द्राक्षं १० दिरहम, खजूर ८, ऊस ६, गहू ४, जव २. आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांनी पाहावं, ऊस तेव्हाही गव्हाच्या दीडपट धरला होता. जरीब हे जमिनीचं माप. नंतर उमर यांनी मोजणी करणाऱ्यांना विचारलं, जमिनीला झेपणार नाही इतकं तर लादलं नाहीत ना?

खानापूर_मास्तर
म्हणजे उमर यांनी राज्याच्या हितासाठी वचन बाजूला ठेवलं, हेच ना? मग आजच्या सरकारनेही हित सांगून काहीही बदलावं.

वकील_चिक्कोडी
नाही, मास्तर. हेच वाक्य हमखास चुकीचं वापरलं जातं. अब्दुर्रहमान बिन औफ, जुबैर, बिलाल अशा मोठ्या सहाबींचा, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांचा, विरोध होता. उमर यांनी अन्सारांमधून, म्हणजे मदिनेच्या मूळ मुसलमानांमधून, १० जण बोलावले, औस टोळीचे ५ आणि खजरज टोळीचे ५, आणि त्यांच्यापुढे बाजू मांडली. हनफी काजी अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये ती सविस्तर आहे. शेवटचा आधार उमर यांनी कुराणातल्या सूरह हश्रचा घेतला. त्यात मिळकतीचे हक्कदार सांगताना मुहाजिर (मक्केहून आलेले) आणि अन्सारांनंतर ‘त्यांच्यामागून येणारे’ही मोजले आहेत (५९:१०). जमीन आज वाटून टाकली तर मागून येणाऱ्यांना काय उरणार? म्हणजे एका वचनाच्या व्याप्तीला दुसऱ्या वचनाने हद्द घातली, आणि ती कुठे घालायची हे हिताने दाखवलं. वचन गुंडाळून ठेवलं नाही.

दुष्काळाच्या वर्षी चोरीची शिक्षा थांबवली, तिथेही तसंच. शंका असेल तिथे हद्दची, म्हणजे वचनाने ठरवून दिलेली, शिक्षा टळते, हे तत्त्व आधीपासून होतं. उपाशी माणसाची चोरी ही गरज की गुन्हा, ही शंका दुष्काळाने घरोघर उभी केली.

आणि हा निर्णय कायमचा दगडावर कोरलेला नव्हता. पुढे हारून अल-रशीदच्या काळात अबू यूसुफ यांनीच सांगितलं की ठोक दराऐवजी पिकाचा हिस्सा घ्या. ठोक दरात पीक बुडालं तरी कर तोच, आणि धान्य स्वस्त झालं की रोकड भरताना शेतकरी मोडतो. जमाबंदीचे जुने कागद ज्यांनी चाळलेत, त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

शहापूर_पेठ
मसलतीलाही काही शर्ती असतीलच की ओ. नाहीतर खुर्चीवरचा प्रत्येक जण आपलं हित तेच लोकांचं हित म्हणणार.

हिरण्यकेशी
आहेत, आणि कडक आहेत. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘अल-मुस्तस्फा’मध्ये आधी हित म्हणजे काय तेच बांधून टाकलं. दीन (धर्म), जीव, अक्कल, वंश आणि माल, या पाच गोष्टींची राखण म्हणजे हित. मग वचनात आधार नसलेलं हित स्वीकारायला तीन अटी घातल्या : ते ‘जरूरी’ असावं, म्हणजे सोयीचं नव्हे, अटीतटीचं. ‘कतई’ असावं, म्हणजे खात्रीचं, कदाचितवर टेकलेलं नव्हे. आणि ‘कुल्ली’ असावं, म्हणजे सगळ्यांचं, एका गटाचं नव्हे. त्यांचं उदाहरण असं. शत्रूने मुसलमान कैद्यांना ढाल करून पुढे घातलंय, आणि हल्ला केला नाही तर सगळाच मुलूख जाणार हे नक्की आहे. एकाच गढीचा वेढा असेल तर तीच सूट नाही, कारण गढी न घेतल्याने सगळे बुडत नाहीत. होडी बुडतेय म्हणून एकाला चिठ्ठी टाकून पाण्यात ढकलणंही नाही, कारण होडीतले लोक म्हणजे सगळा समाज नव्हे.

मालिकी परंपरेने दार थोडं रुंद ठेवलं. शातिबी (मृत्यू १३८८) यांनी ‘अल-मुवाफकात’मध्ये तीन थर विस्ताराने लावले : जरूरियात, हाजियात, तहसीनियात. पाया, सोय आणि शोभा. खालचा थर वरच्याला बळी द्यायचा नाही. जमातीच्या बजेटला हे लावून पाहा. मिनारावर रोषणाई ही तहसीनियात, आणि यतीम, म्हणजे अनाथ, पोरांची फी तुंबलेली असेल तर ती निदान हाजियात. क्रम उलटला की काय चुकलं ते सांगायला मुफ्ती लागत नाही.

वकील_चिक्कोडी
बाजारभावाचं उदाहरणही यात बसतं. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव बांधून मागितले. पैगंबरसाहेबांनी नकार दिला. कुणावर जुलूम केल्याची फिर्याद घेऊन अल्लाहपुढे जायचं नाही, असं ते म्हणाले. यावरून पुष्कळांनी ठरवलं की भाव कधीच बांधायचा नाही. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी नकाराचं कारण शोधलं. भाव माल कमी असल्याने किंवा गिऱ्हाईक वाढल्याने चढला असेल तर तो बांधणं विक्रेत्यावर जुलूम. पण लोकांना लागणारा माल दाबून ठेवून तो चढवला असेल, किंवा विक्रीचा मक्ता मोजक्या लोकांकडेच असेल, तर न बांधणं हा गिऱ्हाइकावर जुलूम. तिथे ‘किमतुल मिस्ल’, म्हणजे तशा मालाचा रास्त भाव, सक्तीने लावायचा. दोन्हीकडे इल्लत जुलूमच, फक्त बाजू पालटली. मुहतसिबाने, म्हणजे बाजार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, भाव बांधण्याआधी वखारीत माल किती आहे ते जाऊन पाहायचं, हे यातून आपोआप निघतं.

खानापूर_मास्तर
हे सगळं राज्य हातात असलेल्यांचं झालं. इथे काजी नाही, सत्ता नाही. मग?

वकील_चिक्कोडी
त्याचं याच देशातलं उत्तर आहे, १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा. नवरा बेपत्ता झाला तर हनफी मताने बायकोने जवळजवळ त्याचं आयुष्य संपेपर्यंत थांबायचं. छळ झाला, पोटगी नाही मिळाली, तरी सुटका नाही. पंजाबात बायका सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मत घेतलं : बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षं, आणि काजी नसेल तिथे जमातीतल्या भल्या माणसांची पंचायत. एका मजहबमध्ये जीव गुदमरत असेल तर दुसऱ्या प्रमाण मजहबचं मत त्याच्या शर्तींसकट घ्यायचं, ही मान्य रीत आहे. शर्तींसकट हे महत्त्वाचं. दोन मजहबांतलं सोयीचं अर्धं-अर्धं उचलून तिसरंच काही शिवलं, जे दोघांनाही मान्य होणार नाही, तर तो ‘तल्फीक’, आणि तो बहुतेकांनी नाकारलाय.

याच वाटेने तो कायदा आला. त्यातलं कलम २ पाहा : चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षं किंवा जास्त कैद, तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यं नाहीत. पहिल्या कारणावर मिळालेला हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही. त्या मुदतीत नवरा आला आणि नांदायला तयार झाला तर तो रद्द होतो. आपल्याकडे अर्ज करणाऱ्या बायकांना हे सहा महिने कुणी सांगत नाही, आणि त्याआधीच दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तिथे घोटाळा होतो.

उलटं उदाहरणही आपल्याच मुलखातलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनचं कलम २६ म्हणतं की लेखी कायदा नसेल तर आधी मुलखाचा रिवाज पाहा, मग प्रतिवादीचा कायदा. फिकहमध्येही रिवाज, म्हणजे उर्फ, प्रमाण आहे, पण वचनाच्या खाली. इथे क्रम फिरला. १८४७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने खोजा-मेमन प्रकरणात मुलींना वारसा न देण्याचा रिवाज उचलून धरला. १९३७ च्या शरियत कायद्याने रिवाज हटवला, पण शेतजमीन कलम २ मधून वगळली. आपल्याकडे इस्टेट म्हणजे शेतीच. त्यामुळे बहिणीचा कुराणातला हिस्सा नेमका जिथे असतो तिथेच हा कायदा थांबला.

अथणीकर
मी सरळ प्रश्न टाकतो. आमच्या भागात उन्हाळ्यात बोअरवरून भांडणं लागतात. एकाने ५०० फूट मारली की शेजाऱ्याची आटते. विहिरीभोवती ४० हातांची हद्द शरियतने ठरवलीय असं सांगून निवाडे होतात. हे बरोबर आहे का?

शहापूर_पेठ
४० हात म्हणजे ६० फूट. विहिरीचा ‘हरीम’. मजल्ल्यात, म्हणजे उस्मानी सल्तनतीने १८६९ ते १८७६ मध्ये केलेल्या १८५१ कलमांच्या संहितेत, कलम १२८१ हेच सांगतं. झऱ्याला ५०० हात.

हिरण्यकेशी
कलम बरोबर, लावणं चूक. हरीम आहे तो मवात जमिनीवरच्या विहिरीला. मवात म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली पडीक जमीन, जी विहीर खणून जिवंत केली जाते. त्याच संहितेचं कलम १२९१ उघडा : स्वतःच्या मालकीच्या जमिनीतल्या विहिरीला हरीम नाही. शेजारी आपल्या जमिनीत तिच्याजवळच दुसरी खणू शकतो, आणि ‘माझं पाणी ओढलं जातं’ म्हणून त्याला अडवता येत नाही. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना सातबारा, म्हणजे आपल्याकडची पहाणी, वेगवेगळ्या नावांची आहे. असलची पहिलीच शर्त जुळत नाही. कियास तिथेच थांबला.

आता ४० हे मापही पाहा. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात एक मत नोंदवलंय की हे आकडे अरबांच्या टणक जमिनीचे आहेत, आमची जमीन भुसभुशीत, तेव्हा अंतर वाढवा, नाहीतर पाणी दुसऱ्या विहिरीकडे वळेल आणि पहिली निकामी होईल. म्हणजे इल्लत आकडा नव्हे, पाणी वळणं ही आहे. आणि काळ्या खडकातलं पाणी भेगांतून चालतं. ६० फुटांवरची बोअर कोरडी राहते आणि ६०० फुटांवरची शेजाऱ्याचं ओढते. आडवं अंतर मोजून इथे इल्लत हाती लागत नाही.

अथणीकर
मग ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी?

वकील_चिक्कोडी
तसं नव्हे. हरीम नाही म्हणजे काहीच नाही असं नाही. तीन गोष्टी उरतात.

एक, ‘हक्के शफा’, तहानेचा हक्क. विहिरीतल्या पाण्यावर माणसांचा आणि जनावरांचा पिण्यापुरता हक्क असतो, मालक तो नाकारू शकत नाही. शेताला पाजण्याचा हक्क यात येत नाही. टाकीत किंवा घागरीत भरून घेतलेलं पाणी मात्र भरणाऱ्याचं.

दुसरं, सार्वजनिक पाणी. मजल्ला कलम २६ : सगळ्यांचं नुकसान टाळायला एकाचं सोसावं. कलम ५८ : रयतेवरचा अधिकार रयतेच्या हिताशी बांधलेला. कर्नाटकचा १९९९ चा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचा कायदा सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर मारू देत नाही. तो या दोन्ही कलमांत चपखल बसतो. गावच्या नळयोजनेच्या बोअरजवळ कुणी खणत असेल तर ४० हात काढत बसू नका, ५०० मीटर मोजा आणि संबंधित सरकारी अधिकाऱ्यांकडे जा.

तिसरं, दोन खाजगी बोअर. इथे निवाडा नाही, सुलह आहे, आपसातली तडजोड. ती पंचांनी करून द्यावी, आणि कागद ‘शरियतचा हुकूम’ म्हणून नव्हे, करार म्हणून लिहावा.

अथणीकर
कागदात काय काय यावं, वकीलसाहेब?

वकील_चिक्कोडी
दोन्ही बोअरची खोली, केसिंग किती फूट, मोटर किती एचपीची आणि कुठल्या खोलीवर सोडलीय. मग चाचणी. दोन्ही मोटरी रात्रभर बंद ठेवून सकाळी दोरीला वजन बांधून दोन्हीकडची पाण्याची पातळी मोजा. मग एकच मोटर ठरलेले तास चालवा, दर तासाला दुसऱ्या बोअरची पातळी लिहून ठेवा. नंतर तेच उलट करा. एकीच्या चालण्याने दुसरीची पातळी उतरत नसेल तर तक्रारीत दम नाही, कागद तिथेच मिटवा. उतरत असेल तर तासांची पाळी बांधा. पिण्याचं आणि जनावरांचं आधी, उभ्या पिकाचं नंतर, नवी लागण शेवटी. कराराची मुदत एका हंगामाचीच ठेवा. मजल्ल्याच्या कलम २२ प्रमाणे गरजेतून दिलेली सूट गरजेपुरतीच असते. पाऊस झाला की बंधन उठलं पाहिजे, नाहीतर पुढल्या वर्षी त्याचाच हक्क म्हणून वाद येतो.

आणि चाचणी एप्रिल-मेमध्येच घ्या. श्रावणात मोजलेली पातळी त्या कागदावर येऊ देऊ नका.